काळजी एकट्याने वाहू नका
मनावरचे ओझे वाटून घेण्याची जुनी आणि नवी रीत



भाताच्या लोंब्या पांढऱ्या पडू लागल्या किंवा गाईने दोन वेळा चारा सोडला, की आपण गप्प बसत नाही. शेजाऱ्याला बांधावर बोलावून दाखवतो, कृषी सहायकाला विचारतो, रोगट पान पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्र गाठतो. रोग लवकर कळला तर उपाय स्वस्त पडतो आणि उशीर झाला तर पीक हातचे जाते, हे आपल्याला अनुभवाने माहीत आहे. मात्र हाच शेतकरी स्वतःला रात्र-रात्र झोप लागत नाही, जेवण गोड लागत नाही, सोसायटीचे कर्ज आणि मुलीचे लग्न डोक्यातून जात नाही, ही गोष्ट कोणालाही दाखवत नाही. "लोक काय म्हणतील", "घरच्यांना कशाला घोर", "सांगून काय उपयोग" अशी तीन कारणे तो स्वतःला देतो आणि काळजी मनातच साठवतो.

मनातील काळजी आपल्या माणसांत वेळीच बोलून दाखवली तर काय साधते, ती कोणाला व कशी सांगावी, ऐकणाऱ्याने कसे ऐकावे आणि गावात त्याकरिता कोणती साधी व्यवस्था उभी करता येईल, याची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

काळजी साठली की काय होते?

भारी जमिनीत पाण्याचा निचरा झाला नाही तर मुळांना हवा मिळत नाही. वरून पीक काही दिवस हिरवे दिसते, पण आतून मूळ सडत असते. मनाचेही असेच होते. काळजी काही काळ प्रत्येकालाच असते आणि ती उपयोगाचीही असते, कारण तिच्यामुळे माणूस वेळेवर पेरणी करतो आणि हप्ता भरतो. परंतु तीच काळजी आठवडेच्या आठवडे आत राहिली तर तिचा परिणाम शरीरावर व कामावर दिसू लागतो. झोप उडते, पहाटे लवकर जाग येते, डोके व पाठ दुखते, भूक मंदावते, चिडचिड वाढते, लहानसा निर्णयही घेता येत नाही. फवारणी आज करावी की उद्या, या विचारातच आठवडा जातो. पिकाचे नुकसान होते आणि त्यामुळे काळजी आणखी वाढते.

बोलल्याने दोन गोष्टी साधतात. पहिली म्हणजे मनातला गोंधळ शब्दांत मांडताना त्याला आकार येतो. "सगळेच बुडाले" असे वाटत असते. बोलता बोलता लक्षात येते, की बुडाले ते एक पीक. अडचण आहे ती अमुक रकमेची आणि मुदत आहे अमुक तारखेची. दुसरी गोष्ट त्याहून व्यवहाराची आहे. कर्जाचे पुनर्गठन, पीकविम्याच्या अर्जाची मुदत, अनुदानाची यादी ही माहिती बहुधा चार माणसांच्या बोलण्यातूनच मिळते. गप्प बसणाऱ्याला ती मुदत उलटून गेल्यावर कळते. म्हणजे मन मोकळे करणे हे शेतीच्या व्यवस्थापनातलेही एक काम होय.

खाडीकाठचा धडा

नवी मुंबईतील जुईनगर हे आज लोकल गाडीचे एक स्थानक आहे. मानखुर्द-बेलापूर लोहमार्ग १९९२-९३ मध्ये सुरू झाला, पुढे ठाण्याकडून येणारा मार्गही याच भागात येऊन मिळाला. सानपाडा, तुर्भे, शिरवणे, नेरूळ ही आजूबाजूची नावे आता वसाहतींची वाटतात. परंतु पन्नास-साठ वर्षांपूर्वी हा सगळा खाडीकाठचा पट्टा भातशेती, मीठ आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या आगरी-कोळी गावांचा होता.

या पट्ट्यातील शेतीचे एक वैशिष्ट्य समजून घेण्यासारखे आहे. खारजमीन ही समुद्राच्या भरतीपासून बांध घालून राखलेली जमीन. बांध मजबूत असेल आणि उघाडी नीट चालत असेल तर पावसाचे गोडे पाणी साठते, क्षार धुऊन जातात व भात पिकतो. पण बांधाला एखादी खांड पडली, तर भरतीचे पाणी फक्त बांधालगतच्या शेतात थांबत नाही. ते एका शेतातून दुसऱ्या शेतात शिरते आणि साऱ्या गावाची जमीन खारी करते. एकदा खारे पाणी शिरले की पुढची काही वर्षे उत्पन्न घटते. म्हणून खांड कोणाच्या हद्दीत पडली हे कोणी विचारत नसे. हाक आली की घमेली-फावडी घेऊन सगळा गाव चिखलात उतरत असे. रायगड जिल्ह्यात बांधबंदिस्तीच्या या सामुदायिक रीतीला "जोळ" म्हणत. पुढे १९४८ च्या कायद्यानंतर सरकारी खारभूमी योजना आल्या, तरी खांड ही एकट्याने बुजत नाही आणि लपवूनही चालत नाही, हे ज्ञान खाडीकाठच्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या होते.

मनाला पडलेल्या खांडीलाही हाच नियम लागू होतो. एका घरातील माणूस खचला की कुटुंबाचे, भावकीचे व शेवटी गावाचे नुकसान होते. ती सुरुवातीलाच दिसली तर चार माणसांनी बुजवता येते.

जमीन गेली, तेव्हा काय गेले?

सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली आणि नवे शहर वसवण्याकरिता ठाणे व त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. पुरेसा मोबदला मिळावा म्हणून शेतकरी संघटित झाले. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरातील आंदोलनात पाच जणांना प्राण गमवावे लागले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हा इतिहास बहुतेकांना माहीत आहे.

मोबदल्याच्या हिशेबात मात्र एक गोष्ट धरली गेली नाही. शेतीबरोबर माणसे एकमेकांना सहज भेटण्याच्या जागाही गेल्या. लावणीच्या वेळी गुडघाभर चिखलात ओळीने उभ्या असलेल्या बायका कामाबरोबर मनातलेही बोलत. बांधावर न्याहारीला बसलेले दोन शेजारी कर्जापासून जावयापर्यंत सगळे सांगत. कोणी बोलला नाही, तरी तो गप्प आहे हे दुसऱ्याच्या लक्षात येई. शेती गेली, मुले पाळीच्या नोकरीला लागली, कोणी रिक्षा घेतली, कोणी भाड्याच्या खोल्या बांधल्या. हातात पैसा आला, पण एकाच वेळी एकाच कामावर सगळे असण्याची गोष्ट संपली.

तरीही या गावठाणांनी काही जागा राखल्या. गावदेवीची जत्रा, हळदीचा कार्यक्रम, भजनी मंडळ, कार्तिकातील काकडा, नारळी पौर्णिमा अशा निमित्तांनी माणसे एकत्र येतात. भजन संपल्यावर चहाच्या वेळी जे बोलणे होते, त्याचे मोल भजनाइतकेच असते. शहराच्या मधोमध असलेल्या गावठाणात एखाद्या घरी दुःख झाले, तर आजही गावकी दारात उभी राहते.

दुसरी बाजू बाहेरगावाहून आलेल्यांची आहे. कांदा-बटाटा बाजार १९८१ मध्ये मुंबईतून इकडे हलवण्यात आला. पुढे इतर घाऊक बाजारही आले. आपण ज्याला वाशी मार्केट म्हणतो तो बाजार प्रत्यक्षात तुर्भ्याला, जुईनगरपासून जवळच आहे. या बाजारामागे सातारा, सांगली, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून माथाडी कामगार व इतर कष्टकरी आले. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या कामाला संरक्षण मिळाले. पण परक्या शहरात मनाला आधार दिला तो गावच्या मंडळाने. एका गावची माणसे एका खोलीत राहत. महिन्याची बैठक, भिशी, गावच्या यात्रेची वर्गणी आणि कोणी वारला तर रात्रीत गाडी करून गावी नेण्याची सोय हे सारे मंडळ पाहत असे. खोलीत एखाद्याचे पत्र आले आणि तो जेवला नाही, तर कारण विचारणारे दहा जण असत. आता अनेकांनी स्वतःची घरे केली. दारे बंद झाली. मंडळे आहेत, परंतु बऱ्याच ठिकाणी ती वर्षातून एका कार्यक्रमापुरती उरली आहेत.

जुईनगरला जे घडले ते थोड्याफार फरकाने आपल्या गावांतही घडत आहे. बैलजोडी गेली तसे सावड करणे कमी झाले, कारण ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले की काम होते. पारावर बसणारी माणसे आपापल्या मोबाईलमध्ये पाहू लागली. बायकांचे जाते गेले ते तर फार मोठे स्थित्यंतर होय. पहाटे जात्यावर बसून ओवी गाताना सासुरवास, माहेरची ओढ, मुलाचे आजारपण हे सगळे दुसऱ्या बाईच्या कानावर घालता येत असे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांत फिरून अशा एक लाखावर ओव्या गोळा केल्या. यावरून बायकांनी मन मोकळे करण्याची किती मोठी व्यवस्था स्वतःच उभी केली होती, हे ध्यानात येते. गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. मात्र त्या जागी बोलण्याची दुसरी जागा आपण केली नाही. ती आता जाणीवपूर्वक करावयाची आहे.

अनुभव काय सांगतो?

"बोलून पोट भरत नाही" असे म्हणणाऱ्यांसाठी तीन उदाहरणे देत आहोत.

१) अमरावती जिल्हा : विदर्भात "विश्राम" हा प्रकल्प अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवण्यात आला. गावपातळीवरील कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी लोकांशी बोलावे, खचलेल्या माणसाला ओळखावे व गरज पडल्यास समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवावे, अशी त्याची रचना होती. प्रकल्पापूर्वी नैराश्य असलेल्या १०० लोकांपैकी साधारण ४ जणच मदत घेत होते. सुमारे दीड वर्षानंतर हे प्रमाण २७ वर गेले. गेल्या वर्षभरात जीव नकोसा वाटला असे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

२) नाशिक जिल्हा : पुण्याच्या एका संस्थेने २०१३ ते २०१५ या काळात नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत "आत्मीयता" हा उपक्रम केला. त्यात गावातीलच विश्वासू स्त्री-पुरुषांना आपल्या शेजाऱ्यांचे ऐकून घेण्याचे व त्यांना शासकीय योजना व आरोग्यसेवा यांच्याशी जोडून देण्याचे शिक्षण दिले गेले. बाहेरचा तज्ज्ञ गावात रोज येऊ शकत नाही, पण गावचे माणूस रोज तेथेच असते, हा त्यामागील विचार. पुढे हाच उपक्रम गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात नेण्यात आला.

३) झिंबाब्वे : आफ्रिकेतील या देशात मनोविकारतज्ज्ञ अगदी थोडे. तेथे डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारे शहरातील दवाखान्यांच्या आवारात लाकडी बाक ठेवले आणि त्यावर वस्तीतील प्रशिक्षित आज्या बसवल्या. तेथील भाषेत नैराश्याला "फार विचार करणे" अशा अर्थाचा शब्द आहे. आपल्याकडे "घोर लागणे" म्हणतात तसेच. आजी आधी माणसाला मन मोकळे करू देते, मग उभारी देते, मग एक अडचण निवडून तिच्यावर पाऊल टाकण्याचे बळ देते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ लोकांचा अभ्यास झाला. सहा महिन्यांनंतर बाकावर बसून बोललेल्यांची लक्षणे नेहमीचा उपचार घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळली.

या तिन्ही ठिकाणी मुख्य साधन होते ते जवळचे, थोडे शिकवलेले आणि धीराने ऐकणारे माणूस. असे माणूस प्रत्येक गावात असते.

गावात सुरुवात कशी करावी?

१) नवीन मंडळ काढू नका. शेतकरी गट, बचत गट, भजनी मंडळ, दूध संस्था यांपैकी जे चालू आहे त्याचाच उपयोग करा. नव्या मंडळाला पाटी लागते, पाटीला अध्यक्ष लागतो आणि तेथेच गाडी अडते.

२) संख्या मर्यादित ठेवा. आठ ते बारा माणसे पुरेत. याहून अधिक झाल्यास भाषण सुरू होते आणि लाजरा माणूस मागे बसतो.

३) ठरलेला वार व वेळ ठेवा. पंधरा दिवसांतून एकदा, नेहमीची बैठक संपल्यावर अर्धा तास. सुगीतही ही बैठक चुकवू नये. भाव पडतात आणि हिशेब होतात ते त्याच दिवसांत.

४) सुरुवात जबाबदार माणसाने करावी. गटातील जाणत्याने आधी आपली एखादी अडचण सांगितली तर इतरांची भीड चेपते.

५) बैठकीतले बोलणे बैठकीतच राहावे. गावात माणूस बोलत नाही त्याचे मुख्य कारण चहाडी हे आहे. हा नियम मोडणाऱ्याला गटाने स्पष्ट समज द्यावी. आकडे, भावकीचे वाद व घरातील गोष्टी बाहेर जाता कामा नयेत.

६) स्त्रियांची बैठक वेगळी असावी. पुरुषांसमोर सून किंवा सासू मोकळेपणी बोलणार नाही. बचत गटाची बैठक त्याकरिता सर्वांत योग्य. ज्या घरातील कर्ता पुरुष गेला आहे त्या भगिनीला आवर्जून बोलवावे. सहानुभूती दाखवून दूर ठेवू नये.

७) रडगाणे होऊ देऊ नका. तीच ती काळजी दर वेळी उगाळली तर मन हलके होण्याऐवजी जड होते. म्हणून प्रत्येक बोलण्याच्या शेवटी "आता पहिले पाऊल कोणते, ते कोण टाकणार आणि कोणत्या तारखेपर्यंत" एवढे ठरवावे. सातव्या क्रमांकाचा हा मुद्दा सर्वांत अधिक महत्त्वाचा आहे.

कोणाला सांगावे, कोणाला नाही?

सगळ्यांना सगळे सांगण्याची गरज नाही. प्रत्येकाने आपल्या मनाशी तीन नावे काढून ठेवावीत : घरातील एक, गावातील एक आणि गावाबाहेरचा एक. घरातील माणसापासून कर्जाचा आकडा लपवू नये, कारण तो कळतोच आणि उशिरा कळला की अधिक लागतो. गावातील माणूस असा निवडावा, की ज्याने यापूर्वी दुसऱ्याची गोष्ट तुमच्याजवळ बोलली नाही. जो आज दुसऱ्याचे सांगतो तो उद्या तुमचेही सांगणार. ज्याचे तुम्ही देणे लागता किंवा तुमच्या जमिनीवर ज्याचा डोळा आहे, त्याच्याजवळ अडचण बोलू नये. सावकाराची जाचक वसुली होत असल्यास सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात लेखी तक्रार करता येते. ती करतानाही सोबत गटातील दोन माणसे घ्यावीत.

ज्याला बोलणे अगदीच जमत नाही त्याने लिहावे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये केलेल्या अभ्यासात चार दिवस रोज पंधरा मिनिटे मनातील दुःख कागदावर उतरवणाऱ्यांना पुढील काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा जावे लागले, असे आढळले. मनातले लिहून झाल्यावर वहीच्या पानावर मधोमध एक रेघ मारावी. डावीकडे "माझ्या हातात आहे" आणि उजवीकडे "माझ्या हातात नाही" असे लिहावे. पाऊस व बाजारभाव उजवीकडे जातील. बँकेत जाऊन बोलणे, एकरभर क्षेत्रात दुसरे पीक घेणे, लग्नाचा खर्च निम्मा करणे हे डावीकडे येईल. मग डावी बाजू आपल्या माणसाला वाचून दाखवावी.

ऐकणाऱ्याने काय करावे?

बोलणाऱ्याइतकीच ऐकणाऱ्याची जबाबदारी असते.

करावे :
- मोबाईल बाजूला ठेवून पूर्ण ऐकावे. मध्येच गप्पता आली तर ती भरून काढण्याची घाई करू नये.
- "तुला सगळ्यात जास्त कशाचा घोर आहे?" असे साधे विचारावे.
- ऐकलेले थोडक्यात परत सांगावे : "म्हणजे मार्चचा हप्ता आणि आईचे ऑपरेशन एकदम आले, असेच ना?" बोलणाऱ्याला आपले कोणी समजून घेतले असे वाटते.
- निघताना पुढच्या भेटीचा दिवस ठरवावा आणि त्या दिवशी नक्की जावे.

करू नये :
- "एवढ्यात काय खचतोस, आमच्या वेळी बघ" अशी तुलना करू नये.
- "सांगितलं होतं तुला, द्राक्षं लावू नको" असा हिशेब मांडू नये. तो खरा असला तरी त्या वेळी उपयोगाचा नसतो.
- "चल, थोडी घेऊ, बरं वाटेल" असे कधीही सुचवू नये. दारूने झोप मोडते, खिन्नता वाढते आणि उतावीळपणे काहीतरी करण्याचा धोकाही वाढतो.
- लगेच पैसे देऊन विषय संपवू नये. मदत जरूर करावी, पण आधी ऐकावे.

गावचा बाप आणि शहरातला मुलगा

आपल्यापैकी कित्येकांचा मुलगा किंवा भाऊ जुईनगर, कोपरखैरणे, घणसोली अशा ठिकाणी राहतो. रविवारी फोन होतो. "आप्पा, बरं आहे ना?" "हो, बरं आहे. तुमचं?" "आमचंही बरंच आहे." आणि फोन संपतो. प्रत्यक्षात गावी बोअरचे पाणी आटलेले असते आणि तिकडे मुलाच्या कंपनीत कामगार कपात चालू असते. बाप मुलाला घोर नको म्हणून बोलत नाही आणि मुलगा बापाला घोर नको म्हणून बोलत नाही. दोघेही एकमेकांना जपतात आणि दोघेही एकटे पडतात. मुलगा ठरल्याप्रमाणे पैसे पाठवू शकला नाही की बाप मनात धरतो. बापाने न विचारता कर्ज काढले की मुलगा.

यावर उपाय अवघड नाही. महिन्यातून एक फोन "हिशेबाचा फोन" म्हणून ठरवावा. त्यात दोन्हीकडची एक-एक खरी अडचण सांगायचीच, असा नियम करावा. अडचण मोठी असलीच पाहिजे असे नाही. "या महिन्यात भाडं वाढलं" किंवा "टोमॅटोची पट्टी आली, त्यात गाडीभाडंही निघालं नाही" एवढेही पुरे. बाजार समितीत माल घेऊन गेलेल्या शेतकऱ्याने पट्टी पडलेल्या भावाची आली म्हणून तसेच रात्रीच्या गाडीने परतू नये. जवळ मुलगा, भाचा, गाववाला राहत असेल तर तासभर त्याच्याकडे जावे, चहा घ्यावा, बोलावे. शहरातील ग्रामस्थ मंडळांनीही वर्षाच्या स्नेहमेळाव्यावर न थांबता दर महिन्याला एक साधी बैठक ठेवावी आणि गावाकडे कोणाच्या घरी काय अडचण आहे, याची विचारपूस करावी.

धोक्याची लक्षणे आणि तातडीचे उपाय

आपापसांत बोलणे हा पुष्कळ प्रसंगी पुरेसा उपाय असतो, सर्व प्रसंगी नाही. पुढील लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा :

- झोप व भूक यांत मोठा बदल. कशातच मन न लागणे
- शेताकडे व जनावरांकडे अजिबात न फिरकणे
- दारूचे प्रमाण एकाएकी वाढणे
- माणसे टाळणे, बैठकीला येणे बंद करणे

कोणी "माझ्यावाचून काही अडत नाही", "मी सुटलो म्हणजे बरं" असे बोलू लागला, आवडत्या वस्तू वाटू लागला किंवा निरवानिरवीची भाषा करू लागला, तर दोन आठवडे थांबू नये. त्याच दिवशी त्याच्याजवळ बसावे आणि सरळ विचारावे, "जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?" असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कोणीतरी विचारले म्हणून माणूस मोकळा होतो. अशा माणसाला एकटे सोडू नये आणि दवाखान्यात सोबत न्यावे.

घरातील कीटकनाशके व तणनाशके नेहमीच कुलपात ठेवावीत आणि किल्ली दुसऱ्या जबाबदार माणसाकडे असावी. गटाने मिळून शेतावर कुलूपबंद पेटी केल्यास उत्तम. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढील दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. टोकाचा विचार बहुधा थोड्या वेळापुरता येतो. तो वेळ टळला आणि जवळ माणूस असले तर जीव वाचतो.

मदत मिळण्याची ठिकाणे लक्षात ठेवावीत. केंद्र शासनाची "टेली-मानस" ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य व मराठीतूनही बोलता येते. तातडीच्या प्रसंगी ११२ हा क्रमांक फिरवावा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. गावातील आशा ताईंनाही विचारता येते. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत सुरू केलेल्या "प्रेरणा" प्रकल्पात त्यांच्यामार्फतच शेतकरी कुटुंबांची विचारपूस करण्याची योजना होती. पोलिसांचा ससेमिरा लागेल या भीतीने काही कुटुंबे दवाखाना टाळतात. त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. जिवावर उठलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा मानतो आणि त्याची काळजी घेण्याची जबाबदारी शासनावर टाकतो. तेव्हा उपचार घेण्यास घाबरू नये.

थोडक्यात महत्त्वाचे

- पिकावरील रोगाप्रमाणे मनावरील ताणही लवकर दाखवावा; उशीर महाग पडतो.
- घरातील, गावातील व बाहेरचा असे तीन विश्वासू लोक आजच ठरवून ठेवावेत.
- आहे त्याच गटाच्या बैठकीत पंधरा दिवसांतून अर्धा तास मनातले बोलण्यास राखून ठेवावा. बोलणे बाहेर जाऊ देऊ नये.
- प्रत्येक बोलण्याचा शेवट एका लहान, तारीख असलेल्या कामाने करावा.
- शहरातील मुलाशी महिन्यातून एकदा खरे बोलावे.
- औषधे कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे.
- १४४१६ हा क्रमांक घराच्या भिंतीवर, सोसायटीत आणि दूध डेअरीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.

बंधू-भगिनींनो, येत्या बैठकीत खत-बियाण्यांचा विषय संपला की उठण्याची घाई करू नका. आपल्या गटातील जो सदस्य गेल्या दोन बैठकांना आला नाही, त्याचे नाव काढा आणि त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून त्याच्या घरी जाऊन या.